बापुडीची चोच

आमच्या घराण्याचा आणि कोंबडीचा संबंध आजवर फक्त अक्षरापुरता होता. माझी पाटी पाहिली की वडील म्हणत, "हे अक्षर आहे की कोंबडीचे पाय?" तेच अक्षर घेऊन मी १९७४ साली एका कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून चिकटलो आणि २०१० साली त्याच अक्षरात शेवटची सही ठोकून बाहेर पडलो. छत्तीस वर्षं सरकारी कागदावर कोंबडीचे पाय उमटवल्यावर म्हातारपणी खऱ्याखुऱ्या कोंबड्या परसात येऊन राहिल्या, तर त्यात नवल ते काय? यालाच शास्त्रात कर्मविपाक म्हणत असावेत.

त्या आल्या त्या अशा. सातारच्या बाहेर, कोरेगाव रस्त्याला आमचं घर आहे. दोन वर्षांपूर्वी मागच्या अंगाला एक खोली वाढवली. काम चालू होतं तोवर गवंड्याचं बिऱ्हाड परसातच होतं आणि बिऱ्हाडाबरोबर पाच तलंगा होत्या. (तलंग म्हणजे वयात येऊ घातलेली, पण अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. हा शब्द मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळला. शिक्षण कधी संपत नाही म्हणतात ते खोटं नाही.) काम संपलं, बिऱ्हाड टेंपोत चढलं आणि गवंड्याची बायको आमच्या हिला म्हणाली, "ताई, ह्या ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. टेंपोत जागा न्हाय." हिने मान डोलावली. हिची मान एकदा डोलली की घरात ठराव मंजूर झाला असं समजायचं असतं. मी फक्त इतिवृत्त लिहितो.

आमच्या घरी अंडं चालत नाही. म्हणजे हिला चालत नाही. मला चालतं की नाही हा प्रश्न सत्तेचाळीस वर्षं विचाराधीन आहे. सबब अंडी जातात शेजारच्या मावशींकडे. मावशींकडे सकाळी वर्तमानपत्र येतं, ते वाचायला मी आठवड्यातून दोनदा जातो. वर्तमानपत्रात कांदा आणि हिरवी मिरची घातलेली असते, एवढंच इथं सांगून ठेवतो.

कोंबड्या आल्या आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आलं, की मी निवृत्त झालेलोच नाही. परसात कचेरी भरलेली होती. दाण्याची ताटली ठेवली की पहिली चोच थोरलीची. थोरली म्हणजे राखी रंगाची, अंगानं भरलेली, चालताना दोन्ही बाजूंना कुणीतरी नमस्कार करतंय अशा थाटात चालणारी. तिच्या खालोखाल वन्सं. हे नाव हिने ठेवलं; कोणावरून ठेवलं हे विचारण्याची माझी प्राज्ञा नाही. मग तांबडी, मग काळी, आणि सगळ्यांत शेवटी बापुडी. थोरली वन्संना टोचायची, वन्सं तांबडीला, तांबडी काळीला, काळी बापुडीला. बापुडी कुणाला टोचायची नाही, कारण टोचायला खाली कुणी शिल्लकच नव्हतं. तिच्या डोक्यावरची पिसं गेली होती. सगळ्यांचं खाऊन झालं की ताटलीच्या कडेला उरलेला कोंडा ती वेचायची, तोही मागंपुढं बघत. रात्री खुराड्यातल्या दांडीवर तिची जागा अगदी टोकाला, जिथं पावसाची झड लागते तिथं.

"हिच्यात मला माझं लग्नानंतरचं पहिलं वर्ष दिसतं," असं म्हणून ही रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून बापुडीसाठी वेगळी भाताची शितं टाकू लागली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझी आई आता हयात नाही, आणि जी माणसं हयात नाहीत त्यांची बाजू मांडणं धोक्याचं असतं.

ही बढतीची यादी जगात पहिल्यांदा नीट लिहून काढली ती थोरलेफ श्येल्डरुप-एब्बे नावाच्या एका नॉर्वेच्या माणसानं. पुण्याहून आमच्या मुलीनं ही माहिती मला मोबाइलवर पाठवली. हा गृहस्थ लहानपणापासून कोंबड्यांसमोर वही घेऊन बसायचा. कुणी कुणाला चोच मारली, कुणी निमूट खाल्ली, याची नोंद ठेवायचा. मोठेपणी, १९२१ साली, त्यानं त्यावरच प्रबंध लिहिला. चोचीचा हा क्रम कळपात एकदा ठरला की बहुधा ठरलेला राहतो, मग रोज मारामारी करावी लागत नाही. नुसती मान उंचावली तरी खालची बाजूला होते, असा त्याचा निष्कर्ष. मला हे नवीन नव्हतं. आमच्या कचेरीत हेडक्लार्कनं चष्मा काढून टेबलावर ठेवला की तीन टेबलं गप्प व्हायची. गंमत म्हणजे या बिचाऱ्याला पदवी जर्मनीत जाऊन घ्यावी लागली, आणि मायदेशीच्या विद्वानांनी त्याला आपल्या दांडीवर काही बसू दिलं नाही. ज्यानं चोचीचा शोध लावला त्यालाच चोच बसली.

आता कोंबड्याकडे येतो.

कोंबडीला अंडं घालायला कोंबडा लागत नाही. कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी. ही गोष्ट सांगितल्यावर माझ्या एका निवृत्त मित्राचा चेहरा असा पडला, की त्याला चहा पाजावा लागला. तेव्हा आमच्या परसात कोंबड्यावाचून काही अडलेलं नव्हतं. पण श्रावणात एका दुपारी घार आली. काळी सावली अंगणभर फिरली, तांबडी तुळशीवृंदावनाच्या आडोशाला गेली म्हणून वाचली, आणि घारीच्या नखात तिची दोन पिसं गेली. त्या संध्याकाळी मावशी कुंपणावरून म्हणाल्या, "अण्णा, कोंबडा पायजे. बायांचा जीव खाली दाण्यात गुतलेला. वर आभाळाकडं बघनारं एक तरी पायजे का नको?"

मावशी शाळेत फारशा गेल्या नाहीत, पण त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. कोंबडा खरोखरच एक डोळा वर ठेवून असतो, आणि आकाशातल्या शत्रूसाठी त्याची हाक वेगळी, जमिनीवरच्या शत्रूसाठी वेगळी असते.

"म्हणजे पाचजणींनी अंडी द्यायची आणि ह्यानं आभाळाकडे बघायचं," ही म्हणाली. "सत्तेचाळीस वर्षं मी हेच बघतेय."

तरीही ठराव मंजूर झाला. दिवाळीनंतर मावशींनी बाजारातून एक चार महिन्यांचा कोंबडा आणला. कोंबडा म्हणणं म्हणजे तसं धाडसच होतं. पाय लांबलचक, मान बारीक, तुरा जेमतेम उगवलेला. नुकतीच मिसरूड फुटलेला, गेल्या वर्षीचा सदरा यंदा तोकडा पडलेला एखादा मुलगा मामाकडे शिकायला येतो ना, तसा तो उभा होता. माझी कल्पना अशी, की हा परसात पाऊल टाकील आणि नव्या साहेबासारखा सगळ्यांना कामाला लावील. मावशी हसल्या. "अवं, अजून पोरगं हाय ते. त्या पाचजणी त्याला आधी शिकीवत्यात का न्हाय बघा!"

कोंबडा नेऊन कोंबड्यांत सोडला, असं करायचं नसतं. त्याला एक पद्धत आहे, आणि ती सरकारी पद्धतीइतकीच सावकाश आहे. पहिले दोन आठवडे त्याला पुढच्या पडवीत डालग्याखाली ठेवला. बाजारातून आलेल्या पक्ष्याच्या अंगात काय असेल सांगता येत नाही. मानमोडीची साथ शिरली तर खुराडंच्या खुराडं आडवं होतं. या मानमोडीचं पुस्तकी नाव राणीखेत. लोक हौसेनं जातात त्या थंड हवेच्या गावाचं नाव कोंबड्यांच्या रोगाला मिळालं, यावर गावकऱ्यांनी हरकत कशी घेतली नाही, देव जाणे. दोन आठवडे निर्वेध गेले, मग परसात जाळी लावून एक आठवडा तो जाळीच्या अलीकडे आणि पाचजणी पलीकडे. दिसावं सगळं, पण चोच पोचू नये. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम आठ दिवस चालावा, तसा तो प्रकार होता. फरक एवढाच की इथं मुलगा मान खाली घालून बसला होता आणि समोरच्या पाचजणी त्याची उलटतपासणी घेत होत्या.

मग एका रात्री मावशींनी त्याला अलगद उचलून खुराड्यातल्या दांडीवर, पाचजणींच्या शेजारी बसवला. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही. ती हालत नाही, भांडत नाही. सकाळी डोळे उघडावेत तो शेजारी पाहुणा हजर. आमच्या कचेरीत बदल्यांचे हुकूम नेहमी संध्याकाळी साडेपाचनंतर का निघायचे, त्याचं रहस्य मला त्या रात्री उमगलं.

सकाळी मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसलो. ही खिडकीत. मावशी कुंपणापाशी. खुराड्याचं दार उघडलं. थोरली बाहेर आली, कोंबड्याकडे पाहिलं, त्याच्या डोक्यावर एक चोच मारली आणि ताटलीकडे चालती झाली. नोंद केली, शिक्का मारला, पुढचं प्रकरण. वन्संनी एक मारली. तांबडीनं अर्धीमुर्धी. काळीनं दोन. पोरगं कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं. चला, मी मनात म्हटलं, पार पडलं.

आणि मग बापुडी आली.

मी इतके दिवस त्या कोंबडीला ओळखत होतो असं मला वाटत होतं. तिनं आधी मान ताठ केली. तिची मान इतकी लांब आहे हे मला माहीतच नव्हतं. मग ती त्या पोरावर तुटून पडली. मानेवरची पिसं चोचीत धरून तिनं त्याला ओढला, वृंदावनाभोवती तीन फेऱ्या पळवला, न्हाणीच्या मोरीतून पलीकडे काढला आणि पलीकडून पुन्हा अलीकडे आणला. समोर ताटली भरलेली होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच ताटलीपाशी तिला जागा होती. पण तिला दाणा नको होता. तिला तो पाहिजे होता. दिवसभर हेच. थोरली एकदा टोचून विसरून गेली होती. बापुडी विसरायला तयार नव्हती.

संध्याकाळी खिडकीतून भाताची शितं पडली नाहीत. हिने खिडकी लावून घेतली होती.

"असं कसं हो?" ही रात्री म्हणाली. "बाकीच्या एकवेळ समजू शकते. पण ही? हिला माहीत नव्हतं का, कसं वाटतं ते?"

हिचा प्रश्न कोंबडीबद्दल होता. मी मात्र रात्रभर जागा राहिलो.

ज्याचं जळतं त्याला कळतं, अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि या एका म्हणीवर आपण फार मोठा भरवसा टाकलेला आहे. गरिबीतून वर आलेला साहेब गरिबाची कड घेईल, असं आपण धरून चालतो. सासुरवास भोगलेल्या बाईच्या घरी मुलगी द्यायला लोक बिचकत नाहीत; म्हणतात, तिनं सोसलंय, ती समजून घेईल. पण म्हण नीट वाचली तर ती 'कळतं' या शब्दापाशी थांबते. कळल्यावर माणूस काय करतो, याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. बापुडीला कळत होतं, यात मला शंका नाही. मानेवर नेमकं कुठं टोचलं म्हणजे दुखतं, हे त्या परसात तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

आता मला एक किस्सा सांगितला पाहिजे. हा किस्सा मी आयुष्यात निदान शंभर वेळा सांगितला असेल. लग्नाच्या पंगतीत, सहलीच्या बसमध्ये, निरोप समारंभात. हमखास हशा घेणारा आहे.

१९७४ साली मी नोकरीला लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी मला एका वरिष्ठांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "टंकलेखनातले पूर्णविराम संपलेत. भांडारातून दोन डझन घेऊन ये." मी गेलो. भांडारपालानं माझ्याकडून तीन प्रतींत मागणीपत्र लिहून घेतलं, 'पूर्णविराम, नग २४', आणि ते कचेरीभर फिरलं. त्यानंतर दोन वर्षं मला कुणी नावानं हाक मारली नाही. मला सगळे 'नग चोवीस' म्हणायचे. चहा मी आणायचा, पंख्याखालची खुर्ची मी सोडायची, साहेबांचा ओरडा माझ्या टेबलाकडे ढकलायचा. मी परसातली पाचवी कोंबडी होतो.

१९७६ च्या मे महिन्यात खेड्यातून एक मुलगा नवीन लागला. पांढरा लेंगा, नव्या करकरीत कोल्हापुरी चपला. आवक-जावकच्या टेबलावर बसायचा. पहिल्या दिवशी त्यानं टपाल घेऊन साहेबांकडे कसं जायचं म्हणून विचारलं. त्याला 'कुणीतरी' सांगितलं, की साहेबांच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या असतात. झालं! तो रोज साहेबांच्या दाराशी चपला काढून, देवळाच्या गाभाऱ्यात शिरावं तसा अनवाणी आत जायचा, आणि आम्ही फायलींमागे तोंडं खुपसून हसायचो. आठवडाभर हे चाललं. मग एक दिवस 'कुणीतरी' त्या चपला उचलून रेकॉर्डरूममध्ये दप्तरांच्या रुमालांमागे ठेवून दिल्या. मुलगा बाहेर आला. चपला नाहीत. त्यानं सगळीकडे शोधल्या, कुणाला विचारलं नाही. साडेपाच वाजता मे महिन्यातल्या तापलेल्या डांबरावरून पाय झपझप उचलत तो एसटी स्टँडकडे चालत निघाला. इथं मी तो कसा चालत होता ते करून दाखवतो. इथं हशा पिकतो.

किस्सा शंभर वेळा सांगितला, पण त्यातला 'कुणीतरी' कोण, हे मी एकदाही सांगितलं नव्हतं. दोन्ही वेळा तो मीच होतो.

मला कळत नव्हतं असं नाही. पूर्णविरामांच्या मागणीपत्राची घडी तेव्हाही माझ्या खणात होती. पण त्या संध्याकाळी कचेरीच्या खिडकीत आम्ही सगळे दाटीवाटीनं उभे होतो, सगळे हसत होते, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच ते मला हसत नव्हते, माझ्याबरोबर हसत होते. हेडक्लार्कनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी मला नावानं हाक मारली गेली. त्या नावाची किंमत कुणाच्या तळपायांनी भरली, हा हिशेब मी कधी काढला नाही.

पहाटे मी हिला हे सगळं सांगितलं. हिने तो किस्सा कित्येकदा ऐकला होता, हसलीही होती. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि त्याचे पाय?"

मला आठवलं. दुसऱ्या दिवशी तो आला होता. रबरी सपाता होत्या. दिवसभर त्यानं पाय खुर्चीखाली ओढून घेतलेले होते. दोन-तीन महिन्यांत त्यानं बदली मागून घेतली.

सकाळी उठल्याबरोबर मी बापुडीला शिक्षा करायला निघालो. तिला डालग्याखाली कोंडायची आणि चार दिवस एकटी ठेवायची. दुसऱ्याच्या पापाला शासन करताना माणसाला जो हुरूप येतो, तो स्वतःच्या पापाला उत्तर शोधताना येत नाही. मावशींनी कुंपणावरूनच थांबवलं. "तुम्ही मधी पडू नगा, अण्णा. रगात निघालं तरच सोडवायचं, कारन लाल दिसलं की सगळ्याच तुटून पडत्यात. तवर त्यांचं त्यांना ठरवू द्या."

"म्हणजे नुसतं बघत बसायचं?"

"बघत कशाला बसताय? ताटल्या वाढवा की! सहा तोंडं आन् ताटली एक, पानी एका जागी, लपायला कोपरा एक. कोंबडीचं काय चुकत न्हाय. मांडणी तुमची चुकलीया."

आम्ही त्याच दिवशी तीन ताटल्या परसाच्या तीन टोकांना ठेवल्या. पाण्याची भांडी दोन केली. भिंतीला एक फळी तिरकी टेकवली, म्हणजे पोराला मागं शिरता यावं. वाळलेल्या फांद्यांचा एक ढीग घातला. फरक पडला. एकीच्या चोचीखालून निघालं की पोराला दुसरी ताटली मिळू लागली. बापुडी तिन्हीकडे धावू लागली आणि चार दिवसांत दमली. दोन आठवड्यांनी ती त्याला फक्त जाता-येता एखादी मारायची, सवय म्हणून.

मावशींचं ते वाक्य मला फार आवडलं. इतकं आवडलं, की मी त्याचा लगेच गैरवापर करायला घेतला. मांडणी चुकली! आमच्या कचेरीतही पंखा एक होता, बढतीची जागा एक होती, कपाटाची किल्ली एक होती. एका ताटलीवर आठ माणसं बसवल्यावर चोचाचोची होणारच. मी पायरीवर बसून स्वतःला निर्दोष सोडायच्या बेतात होतो, पण बापुडी समोरून गेली. तिच्याकडे चोच सोडून दुसरं काही नव्हतं. माझ्याकडे जीभ होती. "अरे, चपला घालूनच जा," एवढे चार शब्द बोलायला पंखा लागत नाही की बढती लागत नाही. मांडणी चुकली हे खरं, आणि मी चुकलो हेही खरं. एका खऱ्यानं दुसरं खरं खोडून निघत नाही, हे मला कारकुनीत कुणी शिकवलं नव्हतं. तिथं एक शेरा मारला की आधीचा रद्द होतो.

तशात पोरगं मोठं झालं. डिसेंबरात ते आरवायला लागलं. आरवणं कसलं, गंजलेल्या फाटकाचा आवाज तो! पहाटे साडेचारला सुरू व्हायचं आणि अर्ध्यावर घसा बसायचा. पण तुरा भरला, शेपटीला बाक आला. संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी तो थोरलीच्या वाटेत उभा राहिला आणि हलला नाही. थोरलीनं मान उंचावली. त्यानंही उंचावली. क्षणभर पाहून थोरली बाजूनं निघून गेली. साहेब रुजू झाले.

मग मी पाहिलं ते सांगतो. मोरीजवळ त्याला एक जाडजूड अळी सापडली. त्यानं ती उचलली, खाली टाकली, पुन्हा उचलली, आणि कुक्-कुक्-कुक् असा बारीक आवाज काढला. पाचहीजणी धावल्या. तो मागं सरकला आणि त्यानं त्यांना खाऊ दिलं. दुसरी अळी सापडली तेव्हा सर्वांत जवळ बापुडी होती. मला वाटलं, आता हा आठवण ठेवील. त्यानं तिच्यापुढं अळी टाकली आणि कुक्-कुक् केलं.

माझे डोळे भरून आले. क्षमा या विषयावर मी मावशींना दहा मिनिटं ऐकवलं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अण्णा, त्याला पिल्लं पायजेत. माफीबिफी काय न्हाय त्यात."

असेल. कोंबड्याच्या पोटात शिरून कुणी पाहिलंय? पण परसात तरी अळी बापुडीच्या तोंडी गेली, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

जानेवारीअखेर आमच्या पेन्शनरांचा मेळावा झाला. जेवणं झाल्यावर नेहमीप्रमाणे कुणीतरी ओरडलं, "तो चपलांचा होऊ द्या!" मी उभा राहिलो आणि सांगितला. फक्त 'कुणीतरी'च्या जागी 'मी' म्हटलं, आणि चालून दाखवलं नाही. हशा पिकला नाही. एकानं विचारलं, "मग पुढं?" मी म्हटलं, "पुढं काही नाही. सपाता घालून आला दुसऱ्या दिवशी." आइस्क्रीम वितळत होतं. तेवढ्यात कोपऱ्यातून, ज्यांनी मला पूर्णविराम आणायला पाठवलं होतं ते वरिष्ठ, आता शहाऐंशी वर्षांचे, काठीवर हनुवटी टेकवून म्हणाले, "मलाही पाठवलं होतं रे. एकोणसाठ साली. काय आणायला ते आठवत नाही आता. पण पाठवलं होतं."

त्या मुलाचा पत्ता तिथं कुणालाच माहीत नव्हता. नावही कुणाला आठवेना. मला आठवत होतं. ते मी इथं लिहीत नाही. आतापर्यंत त्याच्या जिवावर पुष्कळ हशा घेऊन झाला आहे.

सध्या बापुडी खुडूक आहे. गेल्या शनिवारी मावशींनी तिच्याखाली आठ अंडी मांडली. एकवीस दिवस ती बसेल, मग परसात तिच्याहून लहान असे काही जीव येतील. मावशी म्हणतात, आई झालेली कोंबडी दीड-दोन महिने पिल्लांना पंखाखाली घेते, त्यांच्यासाठी घारीच्याही अंगावर जाते. त्यानंतर मात्र टोचून दूर करते, आणि मग पिल्लांना मोठ्यांच्या कळपात आपली जागा आपणच शोधावी लागते. त्या वेळी बापुडी काय करील, ते मला सांगता येत नाही. म्हणीवरचा माझा विश्वास उडालेला आहे.

काल बाजारात जाऊन मी आणखी सहा ताटल्या घेतल्या. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "काय अण्णा, घरात काही कार्य आहे का?"

मी म्हटलं, "हो. नवीन माणसं यायची आहेत."